दुखलं की म्हणायचं

हिरव्या बांगडीचा तुकडा तिपूच्या तळहातात शिरला, तेव्हा आम्हा बायकांपैकी कुणी ओरडायच्या आत तोच बोलला. "आई गं," म्हणाला. मास्तरांनी उभं केल्यावर पोरं पाढा म्हणतात तसं, एका सुरात, मान वर करून. मग रक्ताचा हात माझ्यापुढे धरून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बरोबर म्हटलं ना, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. माझी धाकटी बहीण रत्ना पाटावर बसली होती. शुक्रवारी तिचा साखरपुडा, म्हणून चिमाबाई कासारीण घरी येऊन तिला चुडा भरत होती. थोड्या वेळापूर्वी एक बांगडी अंगठ्याच्या हाडावरून उतरेना, चिमाबाईनं हात दाबला आणि रत्ना कळवळून "आई गं" म्हणाली. तेव्हापासून माझ्या मुलाचं सगळं ध्यान तिकडे लागलं होतं. हे कसं करतात, ते त्याला शिकायचं होतं. कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यानं ढिगातली एक बांगडी उचलली आणि मुठीत दाबली. मी तुकडा उपसला, हळद दाबली, चिंधी बांधली. तेवढा वेळ तो दुसऱ्या हातानं माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या वाजवत होता. चिमाबाई आमच्या घराला नवी. बांगड्या तशाच हातात धरून ती म्हणाली, "बाई, हे पोरगं रडत कसं न्हाय?" दारातून अज्जी म्हणाली, "आमचं लेकरू शरण हाय, शिवाचा भगत. त्याला देहाचं काय न्हाय." चिमाबाईनं पटकन तिपूला हात जोडले. त्या जोडलेल्या हातांचा मला इतका राग आला की गाठ घट्ट बसली, आणि मग आठवलं, घट्ट झाली तर हा सांगणार नाही. मी ती सोडून पुन्हा सैल बांधली.

तिपूला दुखत नाही. हे कुणाला सांगितलं तर ऐकायला गोडच लागतं. बायका म्हणतात, बरंय की मग, आमची कार्टी जरा खरचटलं तरी गल्ली डोक्यावर घेतात. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. दात आले तेव्हा त्यानं आपली जीभ चावली आणि लाल तोंडानं हसत माझ्याकडे रांगत आला. मला वाटलं, अज्जीनं विडा भरवला. बोटांची टोकं चावून चावून त्यानं बोथट करून टाकली. एकदा शेगडीला हात लावून बसला होता, मी तिकडे पाठ करून भाकरी थापत होते, आणि मला कळलं ते वासानं. पोटच्या पोराचं भाजणं वासानं कळावं असं वैऱ्याच्या बायकोच्याही नशिबी येऊ नये. पायाचं हाड मोडलं त्या दिवशी तो त्याच पायानं जिना चढला, उतरला. पाय वाकडा पडायला लागला तेव्हा घरातले म्हणाले, नवीन खेळ काढलाय. आपण दुखण्याला शिव्या देतो, पण पोराला शेगडीपासून मागे ओढतं ते दुखणंच. तिपूच्या बाबतीत ते काम माझ्याकडे आलं. म्हणून मी त्याला शिकवलं, लाल दिसलं की म्हणायचं, आई गं. कातडी फुगली की म्हणायचं, आई गं. दुसऱ्या आया पोरांना शरणांची वचनं शिकवतात, मी माझ्या पोराला विव्हळायला शिकवलं. आणि तो ते इतक्या आज्ञाधारकपणे म्हणतो की ऐकवत नाही.

त्यातून त्याला घाम येत नाही. सोलापुरात. देवाला असं पोर धाडायचंच होतं तर एखाद्या थंड हवेच्या गावी धाडायचं. इथे चैत्र लागला की भिंतीला हात लावता येत नाही, आमच्या खोल्या दुकानाच्या वर, डोक्यावर पत्रा. दुपारी त्याचं अंग तापत जातं, कोरडं, खरखरीत, आणि तो हसतच असतो. मी पंचा भिजवते, त्याच्यावर पसरते, तो वाळतो, पुन्हा भिजवते. त्यात दोन वर्षं पाऊस नाही. खेड्यापाड्यांतली माणसं खडी फोडायच्या कामांवर गेलेली, नळाला धार येईल तेव्हा खरी. नळावर बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात, "माणसाला प्यायला न्हाय, आन् हिचं पोरगं पाण्यात लोळतंय." मी घागर उचलते आणि चालू लागते. संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, उजेड असतानाच त्याला गॅलरीत उभा करते आणि सगळं अंग तपासते. केसांतून बोटं, कानामागे, जिभेखाली, काखा, गुडघे, पायाच्या बोटांच्या बेचक्या. कुठे काटा, कुठे फोड, कुठे सूज. तो त्याला बघू-बघू म्हणतो. बघू-बघू झालं की त्याला वाटतं, दिवस संपला.

माझा नवरा माझा मामा आहे. आमच्यात त्याचं नवल नाही. बहिणीच्या पोरीवर भावाचा पहिला हक्क. घरची पोर घरात राहते, परक्याच्या उंबऱ्यावर डोळे पुसत बसत नाही. लग्नात मी म्हणाले होते की मामाची बायको ती मामी, म्हणजे मीच माझी मामी झाले, आणि सगळा मांडव पोट धरून हसला होता. ईरप्पामामानं मला लहानपणी खांद्यावर बसवून गड्ड्याची जत्रा दाखवली होती. माझ्या मॅट्रिकच्या निकालाला पेढे त्यानंच वाटले होते. अशा माणसाच्या घरी जायला भीती कसली? भीती नव्हतीच. पण लग्नानंतर हळूहळू माझ्या लक्षात आलं की मला माहेर उरलेलं नाही. सासू म्हणजे माझ्या आईची आई, माझी अज्जी. नवरा म्हणजे आईचा भाऊ. अक्कलकोटला माझ्या आईजवळ, अव्वाजवळ, नवऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन जावं तर ती त्याची थोरली बहीण, तिनंच त्याला कडेवर वागवलेला. "माजा भाऊ तसा न्हाय," म्हणते आणि पुढ्यात ताट वाढते. इतर बायका सासरचं माहेरी जाऊन ओकतात आणि हलक्या होऊन परत येतात. माझं सगळं एकाच घरात फिरत राहतं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मिरजेच्या डॉक्टरांनी तिपूला सुया टोचल्या, गार-गरम लावून बघितलं, आणि हात धुता धुता विचारलं, "नात्यात लग्न का?" मी शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "मामा." डॉक्टर वळून बघतच राहिले. रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, ते इतकं लांब होतं की मला धरता आलं नाही. कळलं ते एवढंच की आमच्या दोघांच्या रक्तात एकच दोष लपून बसला होता. बाहेरच्याशी लग्न झालं असतं तर बहुधा लपूनच राहिला असता. घरातल्या घरात झालं की तो तोंड वर काढतो, सगळ्या पोरांत नाही, चारांतल्या एकात. "यावर औषध नाही," ते म्हणाले, "जपणं आहे. घरात आणखी कुणाचं असं जमत असेल तर आधी विचार करा. यापूर्वी असं मूल झालं होतं का कुणाला?" "न्हाय," मामा म्हणाले. कुर्डुवाडीला गाडी बदलायला उतरलो. मामांनी तिपूला कडेवर घेतलं होतं, फलाटावर ऊन होतं. "दाक्षा," ते म्हणाले, "हे घरात बोलायचं न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारी खचंल. आन् उद्या आपल्या घरातल्या पोरी कोन करंल?" तो आवाज नवऱ्याचा नव्हता, मला खांद्यावर बसवणाऱ्या मामाचा होता. नवऱ्याशी भांडता येतं. मामाशी कसं भांडणार? मी मान हलवली. त्यानंतर ते दुकानात झोपायला लागले. वर उकडतं, म्हणाले. मग थंडी आली तरी ते खालीच झोपत राहिले, आणि उकडत नाही असं मीही कधी म्हटलं नाही.

अज्जीला मिरजेचं काहीच ठाऊक नव्हतं, पण तिनं स्वतःचं एक उत्तर शोधून ठेवलं होतं. देहाचं भान गेलेलं लेकरू म्हणजे शिवाचं लेकरू. श्रावणात एका सोमवारी मी नळावर गेले असताना तिनं गल्लीतल्या बायका जमवल्या, तिपूच्या कपाळाला विभूती लावली आणि त्याच्या तळहातावर कापूर पेटवला. मी परत आले तेव्हा बायका वाकून नमस्कार करत होत्या, समोर नारळ पडले होते आणि माझा मुलगा हातावरच्या ज्योतीकडे कौतुकानं बघत होता. घागर माझ्या हातातून कुठे पडली मला आठवत नाही. कापूर विझवला तेव्हा तो शहाण्यासारखा म्हणाला, "आई गं." अज्जीला मी त्या दिवशी नाही नाही ते बोलले. तिला त्यातलं काही कळलं नाही. "अगं, माजा मल्लू बी असाच हुता," ती डोळे पुसत म्हणाली. "देवमाणूस." मल्लूची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. अज्जीचा एक मुलगा, कधीच न रडलेला, लहानपणीच देवानं नेलेला. अंगणात झोपताना ती गोष्ट ऐकायला किती छान वाटायची! त्या सोमवारी हातात ओला पंचा घेऊन मी ती पुन्हा ऐकली आणि मल्लू कधीच का रडला नाही ते मला कळलं.

आणि आता रत्ना येणार होती. माझ्या नवऱ्याच्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या धाकट्या मामाला, ईश्वरप्पाला. मोठ्यांनी परस्पर ठरवलं, मला कळवलं ते सगळ्यात शेवटी. ऐकल्या ऐकल्या मला आनंद झाला. मिरज नंतर आठवली. आधी डोळ्यांपुढे आली ती रत्ना, माझी जाऊ होऊन या घरात हसत फिरणारी, ओल्या पंच्याचं दुसरं टोक धरणारी. मी आंघोळीला गेले तर तिपूकडे बघायला कुणीतरी असेल. माझ्याशी बोलायला कुणीतरी असेल. सात वर्षांत मी या घरात कुणाशी बोलले होते? भाजी, पाणी, भाकरी, औषध, हे बोलणं नव्हे. साखरपुड्याच्या आधी चार दिवस ती राहायला आली आणि घराचा रंगच बदलला. तिपू तिच्या पाठीवरून उतरेना. ती कैरी तिखटमीठ लावून खायची आणि त्याच्या तोंडात फोड घालायची. घालण्याआधी, मी न सांगता, त्याची जीभ बघून घ्यायची. मी मनाशी म्हणाले, चारांतलं एक. म्हणजे चारांतली तीन धडधाकट. ईश्वरमामाच्या रक्तात तो दोष असेलच असं कुठे आहे? रत्नाच्या असेलच असंही कुठे आहे? बुडत्याला काडीचा आधार. दिवसभर मी हे धरून राहायची आणि संध्याकाळी बघू-बघूच्या वेळी, त्याच्या बोथट बोटांवरून बोट फिरवताना, ते हातातून सुटून जायचं.

चिमाबाई गेल्यावर त्या दुपारी तिपू ओल्या पंच्याखाली झोपला. चिंधीवर लाल ठिपका आला होता. रत्ना त्याला पंख्यानं वारा घालत होती, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा, हात हलला की किणकिणायचा. त्या आवाजाची मला तेवढ्यात सवयही व्हायला लागली होती. "अक्का," ती म्हणाली, "मी आले की तू दुपारची जरा आडवी होत जा. किती वाळलीस बघ. मी बसंन की ह्याच्यापाशी." मी पंच्याची वाळलेली कड पुन्हा भिजवली. मग ती म्हणाली, "खरं सांगू? समद्या पोरी लग्नाला भेतात. मला भ्याच न्हाय वाटत. तू हायस की हितं."

ते वाक्य तिनं म्हटलं नसतं तर मी गप्प राहिले असते की काय, हे मला अजून ठरवता येत नाही. मी म्हणाले, "रत्ना, ईश्वरमामाशी लगीन करू नको."

पंखा थांबला. मी सगळं सांगितलं. मिरज, सुया, रक्त, चारांतलं एक, कुर्डुवाडीचा फलाट. हळू आवाजात, तिपूकडे बघत सांगितलं, तिच्याकडे बघायचा धीर नव्हता. तिनं तिपूच्या चिंधीवर हात ठेवला. मग म्हणाली, "आन् हे तू आज सांगायलीस? चुडा भरल्यावर?"

"आजवर जमलं न्हाय."

"जमलं न्हाय." तिनं पंखा खाली ठेवला. "मला कळतंय, अक्का. आजवर घरात तू एकली सून. मी आल्यावर अज्जी माजं नाव घेणार, मामा लोक माजं कवतिक करणार. ते दुखायलंय तुला."

या घरात दुखण्याचा शब्द माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदाच काढला होता, आणि तो असा. तुला इथे ठेवून घ्यायला मी काय वाटेल ते केलं असतं, असं म्हणावंसं वाटलं. पण तसं म्हटलं असतं तर ती राहिली असती. मी तिचा हात धरून तिला उठवलं आणि सोप्यात नेलं. अज्जी सूप घेऊन ज्वारी निवडत होती.

"अज्जी," मी म्हणाले, "मल्लूचं सांग की रत्नाला."

अज्जीचा चेहरा उजळला. ही गोष्ट सांगायला ती कधीही तयार असते. "मल्लू व्हय? सोन्याचं लेकरू गं. ईरप्पाच्या वरचा. कंदी म्हून रडला न्हाय. दात आलं तवा जीभ फाडून घितली, तरी हसायचा. अंगाला घामाचा थेंब न्हाय की काय न्हाय. कोरडं ठाक अंग. चैत्रात अंग तापलं, तापलं, आन् भर दुपारी गेला. देवाचंच हुतं, देवानं न्हेलं." तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्येच्या मागची पोरगी बी तशीच. तिला तर नाव सुदिक ठिवलं न्हवतं."

ती पोरगी मला ठाऊक नव्हती. आमच्या गोष्टीत ती कधी आलीच नव्हती. रत्ना अज्जीच्या समोर उकिडवी बसली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "अज्जी, तू अज्जाची कोन लागायचीस? लग्नाच्या आदी?"

"कोन मंजे? माज्या आत्तीचा ल्योक की त्यो. घरातलंच." अज्जी हसली. "आमच्यात बाहीर कोन जातंय?"

पाणी प्यायला वर आलेले माझे मामा, माझा नवरा, तांब्या हातात घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात राग नव्हता. दुकानात एकट्यानं झोपणाऱ्या माणसाचा थकवा होता. त्यांनी पाणी न पिता तांब्या खाली ठेवला आणि जिना उतरून गेले. रत्ना तिथेच बसून बांगड्या काढायला लागली. चढवताना कळवळली होती, उतरवताना हाड सोलवटलं तरी हूं की चूं केलं नाही. "काय झालं गं पोरीनू?" अज्जी विचारत राहिली. "काय झालं? मी काय वंगाळ बोलले व्हय?" मला तिची दया आली. दोन लेकरं तिनं देवाला दिली असं समजून ती इतकी वर्षं जगली होती.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसंच झालं. अव्वा-अण्णा साखरपुड्याचं सामान घेऊन आले, रत्नानं नाही म्हणून सांगितलं, आणि का ते विचारल्यावर भिंतीकडे तोंड करून बसली. तिनं माझं नाव घेतलं नाही, पण घेण्याची गरज कुणाला होती? ईश्वरमामा न जेवता घराबाहेर पडला. अज्जी म्हणाली, "घरच्या पोरीनं घर फोडलं." अव्वा माझ्याजवळ आली, मला वाटलं, आता तरी जवळ घेईल. ती म्हणाली, "माज्या भावांची अब्रू घालवलीस." ती आई म्हणून बोलली नाही, नणंद म्हणून बोलली, आणि तिलाही ते कळलं असावं, कारण ती लगेच पिशव्या भरायला वळली. शुक्रवारी दुपारच्या अक्कलकोट गाडीनं ते निघाले. रत्नानं तिपूचा चिंधीचा हात तोंडापाशी नेला. मग माझ्यापुढे उभी राहिली.

"तू खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं, अक्का," ती म्हणाली. "आता मला परक्या घरात देनार. तितं तू नसनार."

ती जिना उतरली. "येते" म्हणायचं असतं, ते ती म्हणाली नाही.

फडताळात तिच्या हिरव्या बांगड्या राहिल्या होत्या. त्या फोडायच्या नसतात, कुणाला द्यायच्याही नसतात; चिमाबाईला परत कराव्यात म्हणून मी त्या मुठीत घेतल्या आणि तशीच खिडकीपाशी उभी राहिले. रस्त्यावरून हातगाडे चालले होते. साड्यांच्या गठ्ठ्यांची एक सायकल गेली. कुठल्याशा खोलीत माग खटखटत होता. घरात भांडीसुद्धा जपून ठेवली जात होती. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. तिपूनं पदर ओढला तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. "बघू-बघू," तो म्हणाला.

मी बांगड्या कोनाड्यात ठेवल्या आणि त्याला गॅलरीत नेलं. केस, कान, जीभ. तळहाताची जखम सुकत आली होती. गुडघ्यावर नवं काही नव्हतं. पायांची बोटं त्यानं स्वतःच फाकवून दाखवली. "झालं," मी म्हणाले. पण तो हलला नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता. मग त्यानं माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, मी त्याचा धरते तसाच, आणि उलटा केला.

तळहातात हिरवा काचेचा तुकडा रुतला होता. रक्त बोटांच्या बेचक्यांतून उतरून सुकलंही होतं. मला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

"आई, रगात," तो म्हणाला, आणि थांबला. मी तुकड्याकडे बघत होते. त्यानं कपाळाला आठी घातली. चुकलेल्या पोराकडे मी बघते तसाच तो माझ्याकडे बघत होता. "रगात आलं की म्हनायचं असतं. म्हन की."

त्यानं माझं बोट ओढलं.

"म्हन की, आई गं."

"आई गं," मी म्हणाले. त्याचं समाधान झालं, त्यानं मान डोलावली. पण मला ते थांबवता येईना. मी गॅलरीत खाली बसले आणि म्हणतच राहिले, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि तिपू माझा हात धरून, फुंकर घालत, शेजारी बसून राहिला.